सवलतीपुरती बाई

"वाचायचं काय त्यात? आपण फक्त अंगठा ठेवा, सूनबाई."

विश्रांतवाडीच्या फ्लॅटची नोंदणी होती. रजिस्ट्रेशनच्या भरल्या ऑफिसात सासरे मला हे म्हणाले. मी एम.कॉम. झालेली बाई. कंपनीत अकाउंट्स बघते, दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढते. आणि स्वतःच्या करारनाम्याचं पहिलं पान उलटलं, तर म्हणे वाचायचं काय त्यात!

एजंटनं विचारलं, "घेणार कोण?"

सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्याच. नाव सवलतीपुरतं हो. एकट्या बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्क कमी लागतं. घर आमचंच."

एजंट हसला. नवराही हसला. लाज त्यांना वाटायला हवी होती, वाटली मला.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, "वाचलंय ना? कबूल?" मी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "हो हो, कबूल." मग यंत्रावर अंगठा, कॅमेऱ्यापुढे तोंड. बाहेर आल्यावर पेढे वाटले. एजंटला, बिल्डरच्या माणसाला, अगदी शिपायालासुद्धा. खोका मी धरला होता. माझ्या हातावर पेढा ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

सासरे म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. पेठेत जन्मले याचा कोण तोरा, जसं काही अर्ज करून, मुलाखत देऊन तिथं जन्म मिळवला. मी वऱ्हाडातली. लग्नानंतर एकदा मी "चहा करून राहिली" म्हणाले, तर गृहस्थ पाहुण्यांसमोर म्हणाले, "करून राहू नका. करा आणि आणा." सगळे खो खो हसले. काय तो विनोद! पुढे कितीतरी वर्षं तोच शिळा विनोद प्रत्येक पाहुण्याला वाढला.

कर्ज माझ्या पगारावर. हप्ता माझ्या खात्यातून. दारावर पाटी बापलेकांची. दर दिवाळीला ती पाटी पितांबरी लावून मीच घासायचे. इतकी बावळट होते मी, आता आठवलं तरी संताप येतो.

कर्ज फिटलं आणि सासऱ्यांना एकदम मुलाच्या भवितव्याची चिंता लागली. "आता घर त्याच्या नावावर करून टाका. बक्षीसपत्र करू. नवराबायकोत फारसा खर्चही येत नाही." ह्या माणसाचं कायद्याचं सगळं ज्ञान सवलतीपाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं.

नवऱ्याला विचारलं, "कशाला?"

मोबाईलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, "अगं, फॉर्मॅलिटी आहे. बाबांना बरं वाटेल."

घरात कटकट नको म्हणून मी सह्या केल्या. ओट्यावर, कणकेचा हात धुऊन, एजंटनं जिथं जिथं खूण केली होती तिथं. वाचलं नाही. ही सवय त्यांनीच लावली होती.

पुन्हा तेच ऑफिस. मी बाकावर बसले होते. मागे सासरे एजंटला सांगत होते, आवाज खाली आणायचीही गरज न वाटता. "बाईच्या नावावर किती दिवस ठेवणार? उद्या घटस्फोट मागितला तर आम्ही जायचं कुठं? खडकवासल्याच्या धरणात?"

मी ताठ झाले. म्हणजे घर माझं आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नवऱ्याला माहीत होतं, एजंटला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या मला, हप्ते भरणारीला.

एजंटच्या हातातून मी दस्त ओढून घेतला आणि वाचला. "पतीवरील नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने." बक्षीस! कशाबद्दल? माझा अपमान होताना न चुकता हसल्याबद्दल?

आमचा नंबर आला. अधिकाऱ्यानं विचारलं, "हा दस्त करून देताय? कबूल?"

"हो हो, कबूल," सासरे म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं, काका. देणाऱ्या ह्या आहेत."

मी म्हणाले, "कबूल नाही."

"सही तुमचीच ना?"

"सही माझीच. न वाचता केलेली. वाचलं आत्ता. प्रेमापोटी लिहिलंय ते खोटं आहे, स्वखुशीने लिहिलंय तेही खोटं."

अधिकाऱ्यानं कागद बाजूला सारले. "मग नोंदणी होणार नाही. पुढचे कोण?"

एवढंच. सगळा जन्म कागदांत काढलेल्या हेडक्लार्कला हा प्रश्न नुसता विचारायचा म्हणून विचारतात असं वाटत होतं.

बाहेर आल्यावर सासऱ्यांचं 'आपण' कुठल्या कुठे गेलं. "माझ्या घरात पाऊल ठेवायचं नाहीस तू!"

"कुणाच्या?" मी विचारलं.

नवरा मध्ये पडला. "अगं, बाबांचं वय तरी बघ."

"इतकी वर्षं तेच बघतेय," मी म्हणाले आणि रिक्षाला हात केला.

त्या संध्याकाळी पाटी मी स्वतः स्क्रू काढून उतरवली. दोघं अजून तिथंच राहतात, माझ्या घरात. राहा म्हटलं, जेवा, झोपा. मला ह्यांच्यासारखं व्हायचं नाही. पण सही मिळणार नाही. रडून मिळणार नाही, आजारी पडून मिळणार नाही, माहेरच्यांना फोन करून तर नाहीच. उद्या हे घर विकायचं झालं तर विकणारी मी. गिऱ्हाईक मी बघीन, दस्ताचं पानन् पान मी वाचीन. आणि अधिकारी 'कबूल?' म्हणून विचारेल, तेव्हा शेजारी कुणी तोंड उघडलं तर त्याला आधी बाहेर काढीन.