शिंगांच्या आड

देवाला हिंस्र जनावरांची उपमा का द्यावी, हे मला बरीच वर्षे खटकत होते. आमचे कुटुंब ख्रिस्ती. शाळेतून निवृत्त झाल्यावर वडील दर रविवारी हिंगोलीच्या घरी चार-पाच जणांना जुना करार समजावून सांगत. हिब्रू शास्त्रात शिंग म्हणजे बळ, असे ते म्हणायचे. तिथला देव लोकांना गुलामीतून काढताना रानबैलासारखा बलवान असतो आणि रागावला की पिल्ले हिरावलेल्या अस्वलासारखा समोर येतो. मी वर्तमानपत्राचा बातमीदार. धाक दाखवून माणसे ताब्यात ठेवणारे पुढारी आणि बुवा पाहिलेले. त्यांच्या सोयीचा देव, एवढेच मला वाटे. "ताकद कुणाच्या बाजूनं उभी आहे, ते बघ," वडील म्हणत. मी ते मनावर घेतले नाही. पुढे त्यांची स्मृती जाऊ लागली आणि रविवारची बैठक थांबली.

गेल्या उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी कामासाठी जवळा बाजार या गावी गेलो. घरी कुणी नव्हते, म्हणून वडिलांनाही सोबत नेले. त्या सकाळी त्यांनी मला माझेच नाव दोनदा विचारले होते. आडत दुकानाबाहेर त्यांना बाकावर बसवले आणि व्यापाऱ्याशी बोलून वळलो, तर बाक रिकामा. त्यांना मधुमेह, पोटात सकाळचा चहा आणि माथ्यावर ऊन. दीड तास शोधले. बोटातल्या अंगठीसाठी कुणी नेले असेल, ही शंका मनातून जात नव्हती. प्रार्थना केली, पण तिच्यावरही भरवसा नव्हता.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून एका बाईचा फोन आला. "दादा, तुमचे बाबा आमच्या आखाड्यापाशी बसून राहिले. लवकर या. पर गाडी लांब लावा, वळू हाय."

बातमीदाराच्या सवयीने आधी पेपरचे नाव सांगून मी विचारले, "माझा नंबर कुणी दिला?"

"त्यांनीच. बाभळीखालून वरडून सांगितला."

मी विश्वास ठेवला नाही. नाव आठवत नाही तो माणूस दहा आकडे कसे सांगेल? तरी वाट विचारून घेतली आणि निघालो. बाजारापासून कोसभर अंतरावर शेतात त्या बाईंचा आखाडा होता, म्हणजे पत्र्याची खोली आणि पुढे गोठा. फोन करणाऱ्या पन्नाशीच्या मावशी दारात उभ्या होत्या. बाभळीच्या बुंध्याला टेकून वडील बसले होते. त्यांच्यापुढे गावदेवाच्या नावाने सोडलेला काळा वळू. त्याला वेसण नव्हती. त्याच्या मागे दहा पावलांवर कठडा नसलेली विहीर.

"तुम्ही काहून नाही गेलात जवळ?" मी जरा चढ्या आवाजात विचारले.

"जाऊ? परवा आमच्या मालकाची बरगडी मोडली त्यानं. माणसं बलवायला सांगितलंय." मग त्या म्हणाल्या, "दोनदा उठले बाबा, पाणी पाणी करत विहिरीकडं निघाले. दोन्ही बारी त्यानं ढुशी देऊन मागं बसवलं."

आत खाटेवरून मालकांचा आवाज आला, "पेपरवाले हायत व्हय? माझा बी फोटू छापा म्हणावं. वळूनं पाडलेला पयला माणूस मी हाय!"

"गप पडा तुमी," मावशी म्हणाल्या.

मला वाटले, जनावर बाभळीखालची सावली सोडत नाही, यापेक्षा जास्त काही नाही. मी गोठ्यातली काठी उचलून चालू लागलो. वळूने मान खाली घातली, खुराने माती उकरली.

"काठी टाका!" मावशी ओरडल्या. "देवाच्या वळूवर कुणी काठी उगारत न्हाई. ती दिसली की बिथरतंय ते. मोकळं जा."

एवढ्यात वडील पुन्हा झाड धरून उठू लागले. माणसे येईपर्यंत थांबणे शक्य नव्हते. ज्या बाईवर मी शंका घेतली, तिच्या शब्दावर मला जीव पणाला लावायचा होता. मी काठी टाकली. दोन्ही हात मोकळे ठेवून पावलापावलाने पुढे गेलो. त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागला. मग त्याने फुरफुर केली आणि बाजूला झाला. मी वडिलांना धरून आखाड्यात आणले. मावशींनी माठातले पाणी आणि गुळाचा खडा दिला. वडिलांच्या रक्तातली साखर उतरली होती, म्हणून गुळाचीही गरज होती.

वळूला विहीर कळत होती की फक्त सावली, हे मला माहीत नाही. नंबर वडिलांना कसा आठवला, हेही नाही. मी दोन्हींची चौकशी केलेली नाही. धंद्याच्या सवयीप्रमाणे ती करायला हवी होती. पण ते बळ त्या दिवशी मवाळ नव्हते, आणि ते आमच्या विरुद्धही नव्हते, एवढे मी पाहिले.

रात्री कपडे बदलताना वडिलांच्या मांडीवर ढुशीचा काळानिळा डाग दिसला. तो मावळायला तीन आठवडे लागले. रोज सकाळी त्यावर तेल चोळताना ते कळवळत, "कुणी मारलं रे मला?" असे विचारत. मी त्या डागावर हात ठेवून मनातल्या मनात देवाचे आभार मानत असे.