आक्कांची केशरी जास्वंद

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही — मुलासमोर तर नाहीच. आज का सांगतेय? मला नीट सांगता येणार नाही.

वडगावात आमच्या शेजारी सुशीलाक्का राहायच्या. घरातला विणकामाचा माग बंद पडला, तेव्हापासून त्यांचा सगळा जीव जास्वंदीत. पिवळ्या फुलाचे पराग लाल फुलाला लावून त्यांनी बी धरवलं आणि त्यातून एक रोप वाढवलं. त्याला केशरी फूल आलं, मधोमध गर्द जांभळं. तसं फूल मी दुसरीकडे कुठंच पाहिलं नव्हतं.

पुढं आक्कांचा दमा वाढला. निपाणीची लेक त्यांना घेऊन गेली. जाताना त्या रोपाची कुंडी त्यांनी माझ्या गच्चीवर ठेवली. "पाणी घालत जा गं, शोभा. बरी झाल्यावर नेतो."

माझं घर तेव्हा — कसं सांगू — फारच शांत झालं होतं. हे गेलेले, मुलगा कॅनडात. त्याचा फोन यायचा, पण लगेच आटपायचा. एका सकाळी मी त्या फुलाचा फोटो काढून त्याला पाठवला. "आई, हे तू लावलंस?" त्यानं विचारलं. मी "हो" म्हणाले.

मग तो रोज फोन करू लागला. कळी कधी उमलेल, खत काय घातलंस — किती विचारायचा! मी उजाडताच गच्चीवर जायची, फुलामागं काळं कापड धरून फोटो काढायची. आपण खोटं बोलतोय असं वाटलं का? खरं सांगते — नाही वाटलं. बरं वाटायचं.

आणि एक दिवस आक्कांचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला. "शोभा, आता माझं येणं काय हुईत न्हाय. लेकीला धाडतो, तिच्याकडं कुंडी दे. हितं खिडकीत ठेवतो. डोळं भरून एकदा बघायचंय गं."

कुंडी माझ्यासमोर होती. फुललेली.

"आक्का, ती वाळली हो," मी म्हणाले. "कीड लागली."

त्या म्हणाल्या, "व्हय? जाऊ दे. तू तरी किती बघशील? मनाला लावून घेऊ नको."

माझीच समजूत काढत होत्या त्या. तेव्हाही खरं सांगता आलं असतं, नाही का? फोन चालूच होता — मी "ठेवते" म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आक्का गेल्या.

लेक घर रिकामं करायला आली, तेव्हा माझ्याकडं चहाला थांबली. ती यायच्या आधीच मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं होतं. "आई शेवटपर्यंत त्या फुलाचंच बोलायची," ती म्हणाली. "काकू, एखादा फोटो असला तर द्या की."

फोन माझ्या हातातच होता. फोटोंनी भरलेला.

"कधी काढलाच नाही गं," मी म्हणाले.

आज सकाळी झाडाला चार फुलं आली. मी फोटो काढला आणि मुलाला पाठवला.