हे असं, ते तसं

अर्थशास्त्राची नऊ व्याख्यानं मी टेपरेकॉर्डरवर घेतली आणि नऊही व्याख्यानं फळ्याकडे बोट दाखवून दिली.

चूक म्हणाल तर एवढीच. भोगली मात्र दुसऱ्याने.

साठच्या दशकाची सुरुवात होती. अमरावतीच्या एका कॉलेजात मी नवानवा शिकवायला लागलो होतो. मूळचा अकोल्याकडचा, पण दोन वर्षांत पुण्याहून एम.ए. आणि 'मला-तुला' घेऊन आलो होतो. 'मले-तुले' तिकडेच टाकून आलो, आणि कुणी 'का'ऐवजी 'कावून' म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. स्टाफरूममध्ये मी शिरलो की बोलणं थांबायचं. मला वाटायचं, दबदबा आहे.

कॉलेजला कुठल्याशा अनुदानातून एक टेपरेकॉर्डर मिळाला होता. तो प्राचार्यांच्या खोलीत भरतकामाच्या कापडाखाली झाकलेला असे. वर्षातून एकदा, गॅदरिंगला, त्यावर गाणी भरत. मी तो मागितला तेव्हा प्राचार्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. म्हणाले, "गाणी पुसली गेली तर पुढच्या गॅदरिंगला तुम्ही गायचं."

मागायला निमित्त होतं बडनेरा स्टेशनवरच्या एका पार्सल क्लार्कचं. माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठा, बी.ए.ला बाहेरून बसणारा. एकदा वर्ग सुटल्यावर दारात उभा राहिला.

"सर, माही पाळी दर आठवड्याले बदलते. आज आलो तर पुढचे पंधरा दिवस येनं होत नाही. अन् यंदा बी.ए. नाही झालो तर वरच्या जागेसाठी माह्यं वय निघून जाते. काही होते का?"

"आपण चिंता करू नका," मी म्हणालो. "आपल्याला वर्गात येता येत नाही ना, मग वर्गच आपल्याकडे येईल."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते स्टाफरूममध्ये दोनदा म्हणून दाखवलं. इतिहासाचे एक म्हातारे प्राध्यापक सुपारी कातरत म्हणाले, "वर्ग जाईल हो. तुम्ही कधी जाणार?"

तर टेबलावर मायक्रोफोन ठेवून मी दिवसाच्या वर्गाला शिकवू लागलो. तास संपला की दार लावून टेप ऐकायचो. पण काय ऐकायचो? माझा आवाज. तो भरदार येतोय ना, 'ण' ठसठशीत उमटतोय ना, एवढं पाहायचं आणि मिनिटभरात बंद करायचं. नऊ व्याख्यानांपैकी एकही मी पुरतं ऐकलं नाही. वर्गातल्या पोरांनाही ती पुरती ऐकावी लागत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

यंत्र लायब्ररीच्या मागच्या खोलीत ठेवलं. पार्सल क्लार्कने पाळी संपली की यायचं, हवं तेव्हा ऐकायचं, हवं तितक्यांदा ऐकायचं. लायब्ररियनला ते मुळीच पटलं नव्हतं. मी दिसलो की ते म्हणायचे, "तुमचा डबा बोलून राहिला आत. जरा गप करा त्याले."

चार महिने तो माणूस येत राहिला. मला वाटलं, गाडी रुळावर आहे.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना त्याने माझ्यापुढे वही ठेवली. पानापानावर रेघा. एकमेकींना समांतर, कुठे फाटा फुटलेला, कुठे मध्येच तुटलेल्या. बडनेऱ्याच्या यार्डाचा नकाशा वाटावा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मागणी अन् पुरवठा."

"हे कुठून काढलं?"

"खडूच्या आवाजावरून."

मला कळेना. त्याने मला मागच्या खोलीत नेलं आणि रीळ लावलं. माझा भरदार आवाज आला: "हे पाहा, हे इथून असं खाली येतं. ते तिथून तसं वर जातं. आणि या ठिकाणी हे त्याला छेदतं. समजलं?" मध्ये खडूचा कर्रकर्र आवाज. मग सबंध वर्ग एका सुरात: "हो सर."

त्याने यंत्र बंद केलं. "लांब कर्र आला की लांब रेघ मारली. टक आलं की ठिपका देल्ला. पन सर, 'असं' म्हंजे कसं? दर टेपात ते पोट्टे 'हो सर' म्हंतात. मले वाटलं, मीच एक ढ हाव. म्हनून चार महिने इचारलं नाही."

मी उत्तरादाखल माइकमधला काही दोष असेल असं पुटपुटलो. त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही.

पुढचे तीन आठवडे मी सायकलने बडनेऱ्याला गेलो. पार्सल ऑफिसात फळा नव्हता. संत्र्यांच्या पेट्या होत्या, आणि त्यांच्यावर खुणा करायचा खडू होता. तो माझ्यावर चिडलेलाच असायचा. बोलायचा फक्त प्रश्नापुरतं. मी 'असं' म्हटलं की तो माझा हात धरायचा आणि म्हणायचा, "तोंडानं सांगा." मागणीची एक रेषा तर संत्र्यांबरोबर कलकत्त्याला गेली. तिथे ती कुणाला समजली असेल तर टेपमधल्या 'हो सर'वाल्यांपेक्षा ते बरे.

तो पास झाला. तिसरा वर्ग, पण वय निघायच्या आत.

प्राचार्यांना एकदम यंत्राचं प्रेम आलं. त्यांनी सभा घेतली, टेपरेकॉर्डरला हार घातला, या यंत्राने नोकरदार माणसाला पदवी दिली म्हणाले. बडनेऱ्याच्या पेट्यांचा विषय निघाला नाही, आणि मीही काढला नाही. टाळ्या पडल्या तेव्हा मी मान किंचित लववली.

मग त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला, हार घातलेल्या यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मशीनचा काही दोष नाही," तो म्हणाला. "सर जसं शिकवतात, तसंच ती ऐकवून राहिली होती."