संपतदाचं ‘थांब’

संपतदा गेल्याचा फोन डिपार्टमेंटात मीच उचलला. गडमुडशिंगीजवळ मोटारसायकल घसरली, जागीच... त्याचा चुलता सांगत होता. वर लॅबमध्ये जाऊन सांगितलं ते चुलत्याच्याच आवाजात निघालं, तर सगळे हसले. "चुलता झकास काढलास. आता सरांचा काढ." मी परत सांगितलं, माझ्या आवाजात. मग कोण हसलं नाही. नकलाकारानं असली बातमी घेऊन जाऊ नये.

मी शिरोळकडचा. फिजिक्सला पीएच.डी.साठी आलो तेव्हा धड येत होत्या त्या नकलाच. संपतदा सीनियर, मला त्याच्या हाताखाली लावलं. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काय येतंय तुला?"

"आवाज काढतो की. कुणाचा बी."

"माझा काढ बघू."

काढला. त्यानं शांतपणे ऐकला. "ह्यो मी न्हाय, पावणं. ह्यो तूच हाईस, नाक धरल्याला."

वर्षभर हेच. हेडसर जमले, कँटीनवाला जमला, संपतदा काही घावला नाही.

एक्स-रेच्या फिल्मा धुवायची आमची डार्करूम जिन्याखाली. आतली कडी मोडलेली, दारावरचा लाल दिवा कधीचाच गेलेला. म्हणून रीत अशी, की बाहेरच्यानं दार वाजवायचं, आतल्यानं ‘थांब’ म्हणायचं, आणि फिल्म पक्की झाली की ज्यानं थांब म्हटलं त्यानंच ‘ये’ म्हणायचं. त्याआधी दार उघडलं की फिल्म काळी. संपतदाचं ‘थांब’ खालच्या पट्टीतलं, बोलून झाल्यावर श्वास सोडल्यासारखं. ते ऐकत मी त्या जिन्याखाली किती उभा राहिलोय...

त्यानं लावलेली शेवटची फिल्म कॅमेऱ्यातच होती. त्याच्या प्रबंधातलं तेवढंच राहिलतं, आणि जिचा फोटो घेतलाता ती पावडर त्यानं संपवलेली, म्हणजे परत काढायची सोय नाही. सर मला म्हणाले, "तू धू." भर दुपारी आत गेलो. डोळ्यासमोर हात धरला तरी दिसत नव्हता. फिल्म ट्रेमध्ये सोडली आणि दार वाजलं. नवीन आलेली माधुरी, तिला अजून रीत माहीत नव्हती. दार करकरलं.

"थांब."

संपतदाचं. पट्टी तीच, मागनं सुटलेला श्वासही तोच. माझ्याच तोंडातनं आलं असणार, आत दुसरं कोण होतं? दार जागच्या जागी राहिलं. फिल्म वाचली. धुतली, पक्की झाली, बल्ब लावला तर फिल्मवरच्या रेघा अशा स्वच्छ की त्यालाही बोट ठेवायला जागा नव्हती.

बाहेरनं माधुरी हळूच म्हणाली, "दादा, आत कोणाय तुमच्यासंगं?"

"मीच हाय." हा माझा आवाज होता. ‘ये’ तेवढं म्हणायचं होतं, त्याच्या आवाजात. म्हणून बघितलं, परत म्हणून बघितलं, घावंना. ह्यो मी न्हाय, पावणं... शेवटी दाराला हात लावून मीच त्याच्या ‘ये’ची वाट बघत उभा राहिलो.

लहानपणी आई सांगायची, मेलेल्यानं हाक मारली तर ओ द्यायची न्हाय. पण संपतदानं हाक कुठं मारलेली? तो थांब म्हणालता.

आता डार्करूम रिकामी असली तरी मी आधी दार वाजवतो. आणि जरा वेळ थांबतो.