पोळ्यालाही गजबजलेली वेबसाइट

आधी क्षमा मागतो. लेखन हे माझं काम नव्हे. नोकरीत पंचनामे, जबाब आणि स्टेशन डायरी एवढंच लिहिलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला, तीही सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाल्यावर. सध्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातली मुलं मला काका म्हणतात. मराठीच्या मॅडमनी अनुभव लिहायला सांगितलं, तेव्हा दोन आठवडे वही कोरी राहिली. भाषेत चुकलो तर सांभाळून घ्यावं. घटना मात्र मला पक्की आठवते, तिच्याबद्दल मनात शंका नाही. नावं कोणाचीच देत नाही.

खामगावला माझी नोकरीची शेवटची वर्षं चालू होती. दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी ठाण्यातला फोन वाजला.

"साहेब, तुमच्या गावात गादीवाल्याची एक पोरगी हाय. ते बाजारभावाची वेबसाइट विकत घेऊन राह्यली. सोमवारी व्यवहार हाय. तिले थांबवा."

"आपण कोण?"

"उंद्रीकडचा हाय. नाव नका विचारू."

फोन बंद. खोड्या काढणारा माणूस फोनवर भरपूर बोलतो, तिखटमीठ लावतो. हा जेवढं माहीत तेवढंच बोलला. म्हणून मी डायरीत नोंद घेतली आणि चालत गादीवाल्यांच्या गल्लीत गेलो.

दुकान लहान. कापूस पिंजायचं मशीन चालू होतं, आणि मशीनपाशी बसलेल्या म्हाताऱ्याच्या भुवयांवर, दाढीवर कापसाची धूळ. मला बघून त्याने मशीन बंद केलं आणि बराच वेळ खोकत राहिला. मुलगी आतून आली. चोवीस-पंचवीसची असेल. बी.कॉम. झालेली, पुण्याची नोकरी सोडून परत आलेली.

"साहेब, आमचा काही गुन्हा?"

"गुन्हा नाही बेटा. वेबसाइट घेताय म्हणे."

तिने समजावून सांगितलं. त्या वेबसाइटवर सोयाबीन, तूर, कापूस, हरभऱ्याचे रोजचे भाव यायचे. लोक भाव पाहायला येतात, बाजूला जाहिराती असतात, त्यावर कमाई होते. मला जेवढं कळलं तेवढं कळलं. मी विचारलं, "मग स्वतःच का बनवत नाहीस? शिकलेली आहेस."

"बनवाले पंधरा दिवस लागतात साहेब. लोक जमाले दोन वर्षं." तिने वडिलांकडे पाहिलं. "डॉक्टर म्हणतात, अब्बाले कापसातून आजच काढा. मी दोन वर्षं कुठून आणू? तयार घेतली तर तयार लोक भेटतात."

मग मी मुद्द्यावर आलो. निनावी फोनचं सांगितलं, तेव्हा ती चिडली. "म्हणजे तुम्ही व्यवहार मोडून राह्यले. सोमवारी मी नाई घेतली तर तो दुसऱ्याले देईन."

म्हातारा म्हणाला, "बेटी, साहब दुश्मन थोडे है. आप चाय लो साहब."

ठाण्यात आल्यावर ठाणेदार साहेबांनी मला बरोबर अडवलं. "फिर्यादी कुठंय? नुकसान कुठंय? नुसत्या फोनवर कोणाला बोलावणार?" म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या गल्लीत गेलो. व्यवहारापूर्वी चौकशी व्हावी, एवढाच साधा अर्ज मागितला. तिने तो उभ्यानेच लिहिला आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "सोमवारपर्यंत. त्याच्यापुढं मी ऐकनार नाई."

विकणारा जळगाव जामोदचा. शनिवारी सकाळी बोलावलं तर वेळेआधी दहा मिनिटं हजर. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉपची बॅग, सगळ्यांना नमस्कार. मुलगीही आली होती. त्याने वेबसाइट दाखवली, करारनाम्याचा मसुदा दाखवला, रोज किती लोक येतात त्याचा गेल्या दोन वर्षांचा आलेख दाखवला. आमच्या हवालदाराने डोमेन म्हणजे काय असं विचारलं, तर त्याने इतकं गोड समजावलं की हवालदाराने त्याला चहा मागवला. मुलगी माझ्याकडे 'झालं समाधान?' अशा नजरेने पाहत होती.

चौकशीचा माझा एक नियम होता. समोरचा ज्या विषयात हुशार आहे, त्या विषयात त्याला विचारू नये. आपल्याला जे माहीत आहे ते विचारावं. वेबसाइटमधलं मला काही माहीत नव्हतं, बाजार मात्र माहीत होता. तो आलेख बघताना मला एकच गोष्ट खटकत होती. आमच्या ओट्यासारखा तो सपाट होता. बाजार कधी सपाट नसतो. मी ऑगस्ट-सप्टेंबरची स्टेशन डायरी मागवली आणि पोळ्याचं पान काढलं. त्या दिवशी माझाच बंदोबस्त बाजार समितीच्या फाटकावर होता. आत एक कुत्रं झोपलं होतं, दुसरं कोणी नव्हतं.

"पोळ्याच्या दिवशी भाव कोणते टाकले?"

"साहेब, त्या दिवशी मार्केट बंद असते. भाव नाई टाकले."

"मग एवढे लोक काय पाहायला आले?"

तो हसला. "जुने भाव पायतात साहेब लोक."

"पोळ्याले?" हवालदार मध्येच बोलला. "बैलाच्या शिंगाले रंग लावाचा सोडून? काऊन बे, तुह्या घरी बैल नाई का?"

मी काही बोलायच्या आत मुलीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. पोळ्याचा दुसरा दिवस, कर, तिने काढला. आमच्याकडे करीच्या दिवशी माणूस शेताकडे फिरकत नाही, बाजाराकडे तर नाहीच. तेवढेच लोक. मग आदल्या वर्षीचा पोळा काढला. तेवढेच लोक. शहरात वाढलेली मुलगी, बैलाशी तिचा संबंध नव्हता, पण पुढचं सगळं तिनेच शोधलं. हे लोक कोणत्या गावांतून येतात ते तिने उघडलं, तर त्यात आपल्या जिल्ह्यातलं गाव शोधावं लागत होतं.

"हे माणसं नाईत," ती म्हणाली. "तुम्ही विकत आणलेल्या भेटी आहेत. मशीनच्या. पैसे देले की मशीन दिवसभर वेबसाइट उघडत राह्यते."

"मशीनले पोळा कुठून समजन," हवालदार म्हणाला, आणि त्याने चहाचा कप परत नेला.

मुलगी विकणाऱ्याकडे वळली. खरे लोक किती येतात, असं तिने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "पन्नास-साठ." मग तिने असा प्रश्न विचारला जो मला सुचायला हवा होता. "माह्याआधी कोणाले विकली?"

तो बॅगेची चेन लावत म्हणाला, "उंद्रीच्या एका सरांले."

म्हणजे मला फोन करणारा तो. शिक्षक. निरोप पाठवल्यावर संध्याकाळी ते ठाण्यात आले, पण हेल्मेट काढेनात. त्यांनी सहा महिन्यांपूर्वी तीच वेबसाइट घेतली होती, ती त्यांच्या नावावर झालीच नाही. तक्रार केली तर वर्गातली पोरं हसतील म्हणून गप्प राहिले. विकणाऱ्याने त्यांना शब्द दिला होता की खामगावची पार्टी आली की तुमचे पैसे परत. म्हणजे सर गप्प बसले असते, तर मुलीच्या पैशांतून त्यांचं नुकसान भरून निघत होतं. तरी त्यांनी फोन केला. मी म्हणालो, "सर, आता नाव द्या." त्यांनी हेल्मेट काढलं आणि फिर्याद दिली. गुन्हा दाखल झाला, लॅपटॉप पंचांसमक्ष जप्त झाला, पुढे दोषारोपपत्र गेलं. बाकी न्यायालयाचं काम.

या प्रकरणाने मला काय शिकवलं ते सांगतो. जुनी मोटारसायकल घेताना आपण चेसिस नंबर ताडून पाहतो, आरसी कोणाच्या नावावर आहे ते बघतो, इंजिन चालू करून कान देतो. वेबसाइट डोळ्यांना दिसते, म्हणून ती तपासलीच असं वाटतं. तयार घेणं हा मूर्खपणा नाही आणि स्वतः बांधणं ही मोठी बहादुरी नाही. नाव कोणाचं, येणारी माणसं खरी का, आणि विकणारा का विकतोय, याची उत्तरं मिळाली तर जरूर घ्यावी. आणि आपल्या कामाची चौकशी आपल्या गावच्या ज्ञानाने करावी. मला संगणक येत नव्हता, पण पोळा येत होता.

एवढं ठामपणे सांगतो, पण एक गोष्ट मला बोचत राहिली. मी व्यवहार थांबवला, म्हाताऱ्याचं मशीन थांबवलं नाही. मुलीने मग स्वतःची वेबसाइट बांधायला घेतली. रोज सकाळी लिलावाच्या ओट्यावर जाऊन भाव स्वतः लिहून घ्यायची, असं ऐकलं. पण गल्लीतून गेलो की मशीनचा आवाज यायचा आणि मधेच खोकला. तिची दोन वर्षं मीच तिच्या गळ्यात मारली, असं वाटायचं. मी निवृत्त होऊन चिखलीला आलो. तिला फोन करायचं धैर्य झालं नाही.

परवा हवालदाराचा फोन आला. तो अजून खामगावलाच आहे. थंडीआधी घरची गादी पिंजून घ्यायला त्या दुकानात गेला होता.

"साहेब, गादी डोक्यावर घेऊन वापस आलो," तो वैतागून म्हणाला. "दुकानात मशीनच नाई. पोरीनं विकून टाकलं म्हने, दोन महिने झाले. म्हातारा भायेर खुर्ची टाकून बसला हाय मस्त, दाढी काळीभोर करून. मले म्हने, गादी दुसरीकडे न्या, सोयाबीनचा भाव पाह्यजे तर सांगतो."