मिस्त्रींचे उलटे ड्रॉवर

आज सकाळी एका पोराला मी माझ्या गाडीतून खाली उतरवलं. ग्रुपमधल्या कोणाचा भाचा-पुतण्या असेल तर खुशाल राग धरा.

त्याला पिकअपमध्येच राहायची सोय करून गावोगाव फिरायचंय. म्हणून आमच्या अंगणात उभ्या असलेल्या जुन्या पिकअपमधले सागवानी ड्रॉवर बघायला तो लाखनीला आला. मागून ओढले, उघडेनात. आत चढून बघितलं तर मुठी आतल्या बाजूला. हसत म्हणाला, "काका, उलटेच लावले ना हे. सुताराले अक्कल नोती काय?"

"उतर खाली," म्हटलं.

ऐंशीच्या सुमारास याच गाडीतून आम्ही आठवडी बाजारात लुगडी विकायचो. ड्रॉवर कोंढ्याच्या महादू मिस्त्रींनी केले. जन्मभर त्यांनी दुकानांचे गल्ले बनवलेले, आणि गल्ला उघडतो तो गादीवर बसणाऱ्याकडे. हेही त्यांनी तसेच बसवले. मी भर बाजारात याच गाडीत उभा राहून त्यांची अक्कल काढली. शब्दही हेच होते. ते एवढंच म्हणाले, "गिऱ्हाईक मागं उभं रायते, भाऊ. तुमी आत बसान."

पुढे गर्दीत शेजारच्या दुकानांतली लुगडी कोणीही हात घालून पळवायचं. आमचं एकही गेलं नाही. हे मी मिस्त्रींना कधी सांगितलं नाही, आणि ते पुन्हा आमच्या दारात आले नाहीत.

पोराला उतरवलं ते बरंच केलं. पण त्या दिवशी बाजारात एवढी माणसं उभी होती, मला कोणी काहून उतरवलं नाही?