अक्काच्या नावाचं वॉरंट

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आईचं आवडतं वाक्य. दूध उतू जाऊ देऊ नकोस म्हणावं तितक्या सहज ती ते म्हणायची. या एका वाक्यापायी मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या मागे पोलीस लावले. तिची त्यातून सुटका झाली ती परक्या माणसांच्या चांगुलपणामुळे, माझ्या हुशारीमुळे मुळीच नाही. आज इतक्या वर्षांनी त्यांची आठवण काढते, कारण त्यांच्यातल्या एकीचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमचं घर राजाजीनगरात. कैक पिढ्या बंगळूरात काढलेलं मराठी कुटुंब, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. मोठ्या बहिणीला सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही तेच म्हणायची. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. अक्का शिवणाचे क्लास घ्यायची, मी एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते, आणि कुणी नेमलं नसलं तरी घरातली शहाणी मीच होते.

रोज सकाळी एक म्हातारी फूलवाली दारात यायची. तिचा आमच्याकडे वर्तनेचा, म्हणजे रोजच्या रतीबाचा गजरा. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत ती माळ मोजायची आणि वर चार बोटं जास्त सोडायची. मला ती पुट्टी म्हणायची, म्हणजे छोटी. मी नोकरीला लागले तरी पुट्टीच राहिले, आणि त्याचा मला राग यायचा.

एका सकाळी आमच्या कोपऱ्यावर उलट्या बाजूनं आलेल्या टेम्पोनं तिला उडवलं. उजवा पाय चेचला गेला. रस्त्यावर दहा-बारा माणसं होती, पण पोलीस आल्यावर प्रत्येकाला आपापली कामं आठवली. अक्का तेवढी थांबली. तिनं टेम्पोचा नंबर सांगितला, ड्रायव्हर ओळखला आणि जबाब दिला. आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. फूलवाली इस्पितळातून लेकीकडे राहायला गेली असं कानावर आलं. लेक कुठे राहते ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी अक्काचं लग्न झालं. सासर बनशंकरीला, मॅजेस्टिकला बस बदलून तासाभराच्या वाटेवर. सासूबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यावरून त्या कडक असणार, असं आम्हीच ठरवून टाकलं. दर शुक्रवारी त्या अक्काला घेऊन देवीला लिंबाच्या अर्ध्या सालीतले दिवे लावायला जायच्या, एवढीच त्यांची आम्हाला माहिती होती.

लग्नाला दोन महिने झाले नसतील, तोच एक पोलीस अक्काच्या नावाचं समन्स घेऊन दारात उभा राहिला. टेम्पोची केस उभी राहिली होती, साक्षीला बोलावलं होतं. आई आत होती. मी बिनदिक्कत सांगितलं, "ती लग्न होऊन बाहेरगावी गेली. पत्ता माहीत नाही." नव्या नवरीच्या दारात पोलीस गेले तर सासरची माणसं काय म्हणतील, एवढाच माझा विचार. दुसऱ्यांदा तो आला तेव्हाही मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा घराला कुलूप होतं म्हणून कागद दाराला चिकटवून गेला. मी तो फाडला आणि आंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातला. अक्काला यातलं अवाक्षर कळू दिलं नाही. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंस." मला फारच बरं वाटलं.

मग एका शनिवारी एक वयस्क हेड कॉन्स्टेबल आला. त्याच्या हातात या वेळी समन्स नव्हतं, वॉरंट होतं.

वॉरंट म्हणजे बेड्या, जीप आणि बनशंकरीच्या त्या घरासमोर जमलेली गल्ली, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. तरी मी पुन्हा तेच सांगितलं. तो कन्नडात म्हणाला, "अम्मा, बाहेरगावी गेली असं मी लिहून देऊ शकतो. पण मग पुढचा कागद तिला शोधत फिरेल, आणि तो घेऊन येणारा माणूस मी नसेन. मी बुधवारी हा परत करणार आहे. तोवर स्वल्प, जरा, कोर्टात जाऊन चौकशी करा." आईनं दिलेली कॉफी पिऊन तो गेला. चार दिवस दिले त्यानं आम्हाला. द्यायलाच हवेत असं काही नव्हतं.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी मॅजिस्ट्रेट कोर्टात गेले. वॉरंटची चौकशी कुठे करतात हे मला काय ठाऊक? फोन करून विचारावं अशी सोय नव्हती. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसरीतून जिन्याखाली, असं करत शेवटी एका कोर्ट हॉलमध्ये बेंच क्लार्कच्या टेबलापाशी पोचले. कागदांच्या गठ्ठ्यांमागे चष्मा कपाळावर चढवलेला एक माणूस बसला होता.

"केस नंबर?"

"नाही."

"समन्सवर असतो."

"ते हरवलं."

त्यानं चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "सगळ्यांचंच हरवतं," तो म्हणाला.

मी पोलीस स्टेशन सांगितलं, साल सांगितलं, टेम्पो सांगितला. त्यानं एक जाडजूड रजिस्टर ओढलं, पान पान उलटलं, ते ठेवून दुसरं काढलं. अर्धा तास तरी गेला. मध्ये तीनदा त्याला साहेबांसमोर जावं लागलं, आणि तीनदा परत येऊन त्यानं बोट त्याच ओळीवर ठेवलं. आणि नोंद सापडली.

"ही साक्षीदार आहे, आरोपी नाही," तो म्हणाला. "घाबरू नका. हे जामिनाचं वॉरंट आहे. पण पुढच्या तारखेला नाही आली तर साहेब बिनजामिनीचं काढतील, मग पोलीस धरूनच आणतील. तिला साडेदहाला घेऊन या. वकील नको. सरकारी वकील अर्ज देतील, वॉरंट रद्द होईल." एका चिठ्ठीवर त्यानं नंबर आणि तारीख लिहून दिली. माझा हात पर्सकडे गेला तसा म्हणाला, "बेडा, नको अम्मा. तारखेला या, तेवढं पुरे. त्या एका साक्षीसाठी तीन तारखा वाया गेल्यात. ती अज्जी दर वेळी काठी टेकत येते आणि त्या बाकावर बसून परत जाते."

बाक रिकामा होता. तरी माझ्याच्यानं तिकडे बघवेना.

तशीच बनशंकरीला गेले. अक्का दारातच भेटली. तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली, मग लाल झाली. "माझी साक्ष तू परत पाठवलीस? तुला कुणी विचारलं होतं?" आणि मी हात धरायच्या आत ती स्वयंपाकघरात गेली आणि सासूबाईंना सगळं सांगून मोकळी झाली.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "तू पाहिलं होतंस का?"

"हो."

"सरी, बरं. मग सांगायला काय झालं? मीपण येते." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्या दिवशी पाहिला.

तारखेला आम्ही तिघी सव्वादहालाच पोचलो. बाकावर फूलवाली बसली होती. आम्हाला पाहून तिनं काठी जवळ ओढली आणि सरकून जागा केली. साडेअकराला केस पुकारली. सरकारी वकिलांनी अर्ज दिला. साहेबांनी विचारलं, समन्सला का आला नाहीत? अक्का म्हणाली, "मला मिळालं नाही." ती खोटं बोलली नाही, आणि तिनं माझ्याकडे बोटही दाखवलं नाही. दोन ओळींत वॉरंट रद्द झालं. अक्कानं नंबर सांगितला, ड्रायव्हर दाखवला, त्याच्या वकिलाच्या उलट प्रश्नांना न अडखळता उत्तरं दिली. निकाल काही महिन्यांनी लागला आणि ड्रायव्हरला शिक्षा झाली.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशीचं, बाहेर व्हरांड्यातलं. मी फूलवालीला म्हटलं, "अज्जी, समन्स मी परत पाठवली. अक्काला माहीतच नव्हतं."

"गोत्तु," ती म्हणाली, माहीत आहे. "दर तारखेला इथं वाचून दाखवायचे. बहीण सांगते, बाहेरगावी गेली. मी ऐकायची."

मग तिनं पुढचं सांगितलं. तिची लेक बनशंकरीलाच राहते. पाय अधू झाल्यापासून ती देवळाबाहेर फुलं आणि लिंबं घेऊन बसते. दर शुक्रवारी अक्का सासूबाईंबरोबर तिच्यासमोरून जायची. अक्का दिसली की ती पदर तोंडावर ओढून घ्यायची, अक्कानं ओळखू नये म्हणून.

"मग पोलिसांना का नाही सांगितलं?"

"नवी सून," ती म्हणाली. "सासूबरोबर देवाला येते. तिथं मी पोलीस आणू? माझा पाय मोडला तो मोडला. तिचं घर कशाला?"

सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. ज्या घराला जपायचं म्हणून मी तीन वेळा खोटं बोलले, ते घर हिनं तीन तारखा गप्प राहून, स्वतःचा न्याय बाजूला ठेवून जपलं होतं.

सणवार नसताना मी कधी कुणाच्या पाया पडले नव्हते. त्या दिवशी वाकले, आणि कुठल्या पायाला हात लावावा ते कळेना. उजवा दुखेल, आणि नुसत्या डाव्याला लावावा तर तेही बरं दिसेना. मी तशीच वाकून राहिले. तिनंच काठी बाजूला घेतली.

"दोन्ही माझेच आहेत, पुट्टी," ती म्हणाली.